गव्हाचा हिशेब आहे, पिठाचा नाही

आपल्याकडे गव्हाइतकं डोळ्यांत तेल घालून मोजलं जाणारं पीक क्वचितच असेल. रब्बीत पेरा किती झाला हे दर आठवड्याला जाहीर होतं. पीक उभं असतानाच उत्पादनाचे आगाऊ अंदाज येतात आणि पुढे दोन-तीनदा सुधारले जातात. एप्रिल उजाडला की पंजाब, हरियाणा, मध्य प्रदेशातल्या मंड्यांमधली सरकारी खरेदी रोजच्या रोज कळते. अन्न महामंडळाच्या गोदामांत किती गहू पडून आहे तेही महिन्याच्या महिन्याला समजतं. २०२३-२४ मध्ये देशात ११ कोटी ३३ लाख टन गहू पिकला, हा आकडा कोणालाही दोन मिनिटांत सापडेल. पण त्यातला किती दळला, आटा किती झाला, मैदा किती, रवा किती, कोंडा किती निघाला, गल्लीतल्या गिरणीत किती गेला आणि रोलर मिलमध्ये, म्हणजे लोखंडी रूळांवर दळणाऱ्या मोठ्या कारखान्यात किती, असं विचारलं तर संपूर्ण देशाचं, टनांत दिलेलं उत्तर हाती लागत नाही. गहू गिरणीच्या तोंडात पडला की सरकारी हिशेबातून नाहीसा होतो.

हा हिशेब ठेवला पाहिजे, नियमित ठेवला पाहिजे आणि लोकांसमोर मांडला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. तो फक्त गव्हाचा असून चालणार नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, जे जे आपण दळून खातो त्या सगळ्याचा हवा.

हे अशक्य नाही, कारण दुसरीकडे ते वर्षानुवर्षं चाललं आहे. जर्मनीत वर्षाला हजार टन किंवा त्याहून अधिक धान्य दळणाऱ्या प्रत्येक गिरणीला सरकारकडे माहिती द्यावी लागते: किती गहू दळला, किती राय दळली, कोणत्या प्रकारचं किती पीठ निघालं. राय हे गव्हाच्या नात्यातलं धान्य आहे, पण रेताड, आम्लधर्मी जमिनीत आणि कडाक्याच्या थंडीतही तग धरणारं. तिथे पिठाच्या पाकिटावर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. शंभर ग्रॅम कोरडं पीठ जाळल्यावर किती मिलिग्रॅम राख उरते, तो हा आकडा. राख जितकी जास्त, तितका दाण्याच्या सालाचा अंश पिठात जास्त. रायच्या पिठाचे आकडे वेगळे, ९९७ किंवा ११५० असे. त्यामुळे वर्षाचा तक्ता पाहिला की देश पांढऱ्या पिठाकडे सरकतो आहे की कोंड्यासकटच्या पिठाकडे, हेही त्यातून वाचता येतं.

या तक्त्यांतून दिसणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे रायची पीछेहाट. पहिल्या महायुद्धाच्या आदल्या वर्षी, १९१३ साली, जर्मन साम्राज्यात सुमारे १ कोटी २२ लाख टन राय पिकली होती आणि गहू ४७ लाख टनांच्या आसपास. पाव म्हणजे रायचा काळपट, आंबूस पाव, हेच तिथल्या बहुतेकांचं रोजचं जेवण. आज जर्मन गिरण्यांमध्ये पावासाठी दळल्या जाणाऱ्या एकूण धान्यात रायचा वाटा एक दशांशाच्याही आत आला आहे. गव्हाचं दळण वर्षाला सत्तर-ऐंशी लाख टनांच्या पातळीवर टिकून आहे, रायचं मात्र हळूहळू घसरतं आहे. जगाचं चित्रही असंच आहे. १९६१ साली जगात साडेतीन कोटी टन राय पिकत होती, आता ती सव्वा कोटी टनांच्या आसपास आहे. रशियात १९९० मध्ये ती दीड कोटी टनांहून जास्त होती, आता काही वर्षी वीस लाख टनही भरत नाही.

असं का झालं याची कारणं मराठी वाचकाला परकी वाटणार नाहीत. रायच्या पिठात गव्हासारखं ग्लुटेनचं, म्हणजे कणीक ताणून धरणाऱ्या प्रथिनाचं, चिवट जाळं तयार होत नाही. आंबवण घालून, वेळ देऊन, हात राखून तिचा पाव करावा लागतो. गव्हाचं पीठ यंत्राला सोयीचं. ते लवकर फुगतं, मऊ होतं, कारखान्यात एकसारखं निघतं. खतं आली, सुधारित वाणं आली, तेव्हा हलक्या जमिनीतही गहू घेता येऊ लागला आणि राय जनावरांच्या दावणीला गेली. लोक शहरात आले, न्याहारी घाईची झाली, आजीच्या घरचा पाव सणासुदीचा किंवा हौसेचा झाला. यात राय काढून ज्वारी ठेवली तर सोलापूर, लातूर, परभणीच्या माणसाला वेगळं काही सांगावं लागणार नाही. हलक्या, कमी पाण्याच्या जमिनीतलं पीक. ग्लुटेन नसल्यामुळे उकळतं पाणी घालून पीठ मळायचं आणि हातावर थापायचं. पोळी लाटता येणारे पुष्कळ, भाकरी थापता येणारे हात दर पिढीला कमी.

आकडेही तेच सांगतात. राज्य स्थापन झालं तेव्हा महाराष्ट्रात साठ लाख हेक्टरांहून अधिक जमिनीवर ज्वारी होती. आता ते क्षेत्र वीस लाख हेक्टरांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आहे. देशात तेव्हा सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर होतं, आज चाळीस लाखांच्या घरात. हे झाले शेताचे आकडे. जेवणात नेमकं काय घडलं हे आपल्याला तुटक तुटक कळतं. घरगुती खर्चाची राष्ट्रीय पाहणी २०११-१२ मध्ये झाली आणि त्यानंतर तिचे निष्कर्ष थेट २०२२-२३ चे आले. मधल्या २०१७-१८ च्या पाहणीचे निष्कर्ष सरकारने प्रसिद्धच केले नाहीत. म्हणजे घराघरांतून भाकरी कमी होऊन पोळी वाढत होती त्या काळातली अकरा वर्षं आपल्या नोंदीत कोरी आहेत. शिवाय या पाहणीत गहू आणि आटा ‘गहू/आटा’ अशा एकाच नावाखाली येतात. कोणी गहू आणून दळून घेतला आणि कोणी तयार पिशवी विकत आणली, हा फरकच तिथे पुसला जातो.

उद्योगाच्या बाजूनेही हीच गत आहे. कारखान्यांची वार्षिक पाहणी होते, पण तिच्यात वीज वापरणारे आणि दहा किंवा अधिक कामगार असलेले कारखाने येतात. रोलर मिल त्यात बसते. एक मोटर, दोन दगड आणि एक माणूस असलेली पीठगिरणी बसत नाही. असंघटित उद्योगांच्या पाहणीत अशा गिरण्या येतात, पण तिथे मोजतात ते उद्योग किती, कामगार किती, उलाढाल किती. डब्यातून आलेलं दळण किती किलो, हे विचारायचा तिचा उद्देशच नाही. मग देशाला खायला गहू किती लागतो हे ठरवायचं कसं? अन्नधान्याची दरडोई उपलब्धता काढताना वर्षानुवर्षं एक ठोकताळा वापरला गेला. एकूण उत्पादनातून बियाणं, पशुखाद्य आणि नासाडी यांसाठी सरसकट साडेबारा टक्के वजा करायचे आणि साठ्यातले चढउतार व आयात-निर्यात जमेस धरून उरेल ते लोकांनी खाल्लं असं धरायचं. या पद्धतीत खाण्याचा आकडा उत्पादनाच्या आकड्यावर उभा असतो. उत्पादनाचा अंदाज फुगला तर कागदावर लोकांचं पोटही फुगतं. दळणाचा स्वतंत्र आकडा हाती असता तर त्यावरून मागे जाऊन उत्पादनाचा अंदाज तपासता आला असता.

२०२२ साली हे किती महागात पडतं ते दिसलं. फेब्रुवारीत गव्हाचा अंदाज होता ११ कोटी १३ लाख टन. मार्चमध्ये उन्हाचा तडाखा बसला, दाणे बारीक राहिले, आणि मेमध्ये अंदाज खाली आणावा लागला. सरकारी खरेदी आदल्या वर्षीच्या ४ कोटी ३३ लाख टनांवरून १ कोटी ८८ लाख टनांवर आली. १३ मे रोजी गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली गेली. पिठावर मात्र नाही. त्या वर्षी एप्रिल ते जुलैमध्ये पिठाची निर्यात आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांपेक्षा दोनशे टक्क्यांनी वाढली आणि अखेर २७ ऑगस्टला पिठावरही निर्बंध आले. मधले साडेतीन महिने धान्याचं दार बंद होतं आणि पिठाचं उघडं. बंदरावरून किती पीठ गेलं ते सीमाशुल्क खात्याला कळत होतं. ते देशातल्या एकूण दळणाच्या किती टक्के होतं हे सांगायला आधारच नव्हता. निर्यातबंदी योग्य की अयोग्य यावर मतभेद असू शकतात. मला स्वतःला ती शेतकऱ्यावर अन्याय करणारी वाटते. पण बंदीच्या बाजूचा माणूसही हे मान्य करील की इतका मोठा निर्णय अर्ध्या माहितीवर घेणं बरं नव्हे.

आणि पीठ म्हणजे सगळं एकच नाही. गल्लीतल्या गिरणीत शंभर किलो गहू दिला तर जवळजवळ तितकंच पीठ परत मिळतं, उधळण आणि दगडाला चिकटलेलं सोडून. रोलर मिलमध्ये त्याच गव्हाचा मैदा आणि रवा करायचा तर सत्तर-पंचाहत्तर किलो माणसाच्या ताटात येतात, उरलेला कोंडा गुरांच्या पेंडीत जातो. कोंडा वाया जात नाही हे खरं, त्याचं दूध होतं. पण टंचाईच्या वर्षी हा फरक लाखो टनांचा होऊ शकतो. ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धात हे ओळखलं. गहू समुद्रापलीकडून यायचा, जहाजं बुडवली जात होती. १९४२ साली सरकारने नियम केला की गव्हातून निदान ८५ टक्के पीठ काढायचं. पांढरा पाव गेला, करडा ‘नॅशनल लोफ’ आला. लोकांना तो आवडला नाही, पण तेवढ्याच गव्हात जास्त पोटं भरली आणि जहाजांतली जागा वाचली. हा निर्णय शक्य झाला कारण कोणत्या गिरणीत काय निघतं हे सरकारला ठाऊक होतं. आपल्याकडे अशी वेळ आली तर मैद्याचा वाटा किती आहे इथूनच सुरुवात करावी लागेल. बिस्किटं, पाव, वडापाव, नूडल्स, बेकरीची खारी, यांचा पसारा डोळ्यांना दिसतो, पण डोळ्यांना दिसणं हा काही हिशेब नव्हे.

पोषणाचा प्रश्नही इथेच अडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अन्नात लोह, फॉलिक आम्ल, ब-१२ मिसळण्याचा मार्ग सरकारने निवडला तेव्हा तो भातासाठी निवडला. रेशनचा तांदूळ गिरणीतूनच जातो, तिथे मिश्रण करता येतं. गहू मात्र बहुतेक राज्यांत दाण्याच्या रूपानेच घरी पोहोचतो आणि कोपऱ्यावरच्या गिरणीत दळला जातो, तिथे काही मिसळण्याची सोय नाही. रेशनवर दाण्याऐवजी पीठ द्यावं, असा आग्रह अधूनमधून होतो. पश्चिम बंगालमध्ये ते दिलंही जातं. मला ही दिशा पसंत नाही, कारण तिच्यामुळे गावागावांतल्या गिरण्यांचं काम मोजक्या मोठ्या मिलांच्या हाती जाईल. पण माझी नापसंती आणि दुसऱ्याची पसंती यांच्यात निवाडा करायचा तर किती घरांचं किती दळण कुठे होतं हे आधी कळायला हवं. रेशनवर फुकट मिळालेल्या पाच किलोंचं दळण घरातल्या बाईला खिशातून पैसे देऊनच करावं लागतं. तिचा हा खर्च अन्नसुरक्षेच्या चर्चेत कुठेच येत नाही.

१८ जुलै २०२२ पासून वेष्टनबंद, लेबल लावलेल्या पिठावर पाच टक्के जीएसटी लागला. दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने ‘भारत आटा’ साडेसत्तावीस रुपये किलोने बाजारात आणला. एका निर्णयाने पिशवीतलं पीठ महाग झालं, दुसऱ्याने स्वस्त. यांचा गल्लीतल्या गिरणीवर काय परिणाम झाला? गिऱ्हाईक पिशवीकडे वळलं की परत डबा घेऊन आलं? गिरणीवाल्यांना विचारा, प्रत्येकाकडे अनुभव आहे. त्या अनुभवांची बेरीज कोणाकडे नाही. धोरण आखणाऱ्यांसमोर पाकीटबंद आट्याच्या कंपन्यांचे आकडे असतात, कारण त्यांना ते भागधारकांना द्यावेच लागतात. डब्यातल्या दळणाच्या बाजूने बोलायला आकडा नाही, आणि दिल्लीच्या बैठकीत ज्याच्याकडे आकडा नाही त्याची बाजू मांडली जात नाही.

या सगळ्यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही गंभीर आहेत.

पहिला असा की मोजून काय साधलं? जर्मनीने राय मोजली आणि तरी राय गेलीच. हे खरं आहे. आकडा पीक वाचवत नाही. पण घसरण किती वेगाने आणि कुठे होते आहे हे कळलं तर थोपवायचं की नाही, हे समाज जाणूनबुजून ठरवू शकतो. फिनलंडमध्ये राय अजूनही रोजच्या जेवणात आहे आणि २०१७ साली स्वातंत्र्याच्या शताब्दीला लोकांनी रायच्या पावाला राष्ट्रीय खाद्य म्हणून निवडलं. तिथे एखाद्या वर्षी देशी राय कमी पिकली तर गिरण्यांची गरज किती आणि बाहेरून किती आणावी लागेल, हे लगेच ताडून पाहता येतं. आपण २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून गाजवलं, त्यासाठी संयुक्त राष्ट्रांत पुढाकार घेतला. त्या वर्षामुळे ज्वारी-बाजरीचं दळण किती वाढलं? ज्वारीचं पीठ बहुतेक गल्लीतल्या गिरणीतच होतं, आणि ती मोजणीच्या बाहेर आहे. म्हणून या प्रश्नाला उत्तर नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, मालदांडीचं कौतुक झालं, पण ती भाकरी बनून किती ताटांत पोहोचली हे आपण सांगू शकत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त भिववतो. मोजणी ही कधीकधी बंद करण्याची पूर्वतयारी असते. पश्चिम जर्मनीतच याचं उदाहरण आहे. युद्धानंतर तिथे पंधरा हजारांहून अधिक गिरण्या होत्या, बहुतेक लहान. दळण्याची क्षमता गरजेपेक्षा फार जास्त आहे असं हिशेबातून दिसलं आणि १९५७ साली कायदा करून गिरण्या बंद करणाऱ्यांना भरपाई देण्यात आली. हजारो गिरण्या गेल्या. आज हजार टनांवर दळणाऱ्या गिरण्या दोनशेच्याही आत उरल्या आहेत आणि बहुतांश पीठ त्यातल्याही मोजक्यांकडून येतं. इतक्या थोड्या हातांत धंदा आला की काय होतं तेही तिथेच दिसलं. २०१३ मध्ये तिथल्या स्पर्धा नियामकाने पिठाचे भाव संगनमताने ठरवल्याबद्दल २२ गिरणी कंपन्यांना मिळून सुमारे ४ कोटी युरोंचा दंड केला. आपल्याकडचा गिरणीवाला उद्या वही घेऊन आलेल्या माणसाकडे संशयाने पाहील तर त्याला दोष देता येणार नाही. व्यापाऱ्यांवर साठ्याची मर्यादा लागते, दर शुक्रवारी पोर्टलवर गव्हाचा साठा भरायचा हुकूम निघतो, हे त्याने पाहिलं आहे. त्या पोर्टलवरची माहिती सरकार घेतं, पण लोकांना परत देत नाही.

म्हणून मोजणी कशी करायची यावर सगळं अवलंबून आहे. रोलर मिलांकडून दरमहा माहिती घ्यावी: किती गहू आत गेला, आटा, मैदा, रवा, कोंडा किती बाहेर आला. त्यांच्याकडे हे रोज लिहिलेलंच असतं. लहान गिरण्यांना कोणताही फॉर्म भरायला लावू नये. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाकडे नमुना पाहणीचा दांडगा अनुभव आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतून काही गिरण्या निवडाव्या, तिमाहीत एक आठवडा तिथे बसून धान्यवार किलो लिहून घ्यावेत, आणि गिरण्यांच्या वीजवापराशी ते पडताळावेत. गिरणीवाल्याला हे काम नवं नाही. गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी हा क्रम तो दिवसभर सांभाळतच असतो. सकाळी किती डबे ज्वारीचे आले आणि संध्याकाळी किती गव्हाचे, संक्रांतीला बाजरी किती वाढते, उन्हाळ्यात पापड-कुरडयांचं दळण कधी सुरू होतं, दगडाला टाकी किती दिवसांनी लावावी लागते, हे सगळं त्याला तोंडपाठ असतं. घरघंट्यांचा हिशेबही धरायला हवा. जिल्हा परिषदांच्या अनुदानातून त्या हजारो घरांत गेल्या आहेत आणि त्यातून किती बायकांनी शेजारपाजारचं दळण घेऊन संसाराला हातभार लावला, हे त्या योजनांनी कधी तपासलेलं नाही.

या पाहणीसाठी कायद्यातच दोन अटी लिहाव्यात. एकट्या गिरणीची माहिती कर, परवाना किंवा साठामर्यादा यांपैकी कशासाठीही वापरता येणार नाही, ही पहिली. दुसरी अशी की जमा झालेले आकडे जिल्हावार, धान्यवार, तिमाही संपल्यावर साठ दिवसांच्या आत मराठीसह सर्व भाषांत प्रसिद्ध व्हावेत, म्हणजे मोठ्या कंपनीला जे कळतं ते त्याच दिवशी बार्शीच्या आडत्याला, जालन्याच्या शेतकऱ्याला आणि लहान गिरण्यांच्या संघटनेलाही कळेल. महाराष्ट्राने यासाठी केंद्राची वाट पाहण्याचं कारण नाही. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे, महावितरणकडे पीठगिरण्यांच्या जोडण्यांच्या नोंदी आहेत, आणि ज्वारीचं देशातलं सर्वांत मोठं क्षेत्र आपल्याच राज्यात आहे. सुरुवात सोलापूर आणि अहिल्यानगर या दोन जिल्ह्यांपासून करता येईल.